एनटी-प्रोबीएनपी वाढलंय पण इको नॉर्मल, मग हे खानदानी आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई ४१ वर्षांच्या. चेकअपमधे एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा एक पदार्थ, त्याची टेस्ट) १४८ आलं, लॅबने १२५ च्या वर आहे म्हणून लाल अक्षरात छापलं. इको नॉर्मल, ईसीजी नॉर्मल, दम लागत नाही, सूज नाही. वडिलांना हार्ट फेल्युअर होतं. भाऊ ४५ चा, वजन ९८ किलो, बीपीची गोळी चालू, त्याचा आकडा २२, आणि तो म्हणतोय बघ माझं हार्ट तुझ्यापेक्षा भारी. त्यात कधीतरी हौसेने केलेल्या जेनेटिक टेस्टच्या फाईलमधे एनपीपीबी नावाच्या जनुकापाशी, आरएस १९८३८९ ह्या जागेवर 'जीजी' लिहिलेलं सापडलंय. आता विचारणं असं की हे वडिलांकडून आलंय का, हार्ट आतून कमजोर होतंय का, आणि १२ वर्षांच्या मुलीची पण टेस्ट करून घ्यायची का.

ताई, आधी निकाल सांगतो मग कारणं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं १४८ हे बहुतेक घाबरायचं १४८ नाहीये, आणि तुमच्या भावाचं २२ हे मिरवायचं २२ नाहीये. मी बरीच वर्षं हार्ट फेल्युअरचे पेशंट बघतोय आणि ह्या एका टेस्टबद्दल जेवढा घोळ लोकांच्या (आणि खरं सांगायचं तर आम्हा डॉक्टरांच्याही) डोक्यात असतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कुठल्या टेस्टबद्दल असेल, कारण हा आकडा दोन पार वेगळ्या कारणांनी वाढतो आणि लॅबच्या कागदावर दोन्ही एकाच लाल रंगात येतात.

असं समजा की बिल्डिंगच्या तळमजल्यात पाणी साचतं म्हणून पंप बसवलाय. पंप जोरात चालल्याचा आवाज आला की आपण म्हणतो पाणी शिरलं वाटतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण एखाद्या बिल्डिंगला पहिल्यापासूनच मोठा पंप बसवलेला असेल तर तो साध्या दिवशीही जास्त उपसा करतो, आवाजही जास्त, आणि तळमजला मात्र कायम कोरडा ठणठणीत. रस्त्यावर उभं राहून नुसता आवाज ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटणार. लॅब म्हणजे तो रस्त्यावरचा माणूस.

हा पंप म्हणजे काय ते जरा सांगतो, कारण हार्ट हे नुसतं रक्त ढकलणारं यंत्र नाही, ते हार्मोन पण बनवतं, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. डॉक्टरांनाही १९८१ पर्यंत नव्हतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधे बारीक दाणे दिसतात हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली १९५० च्या दशकातच लोकांनी पाहिलं होतं, पण ते कशाला आहेत ते कळेना. मग कॅनडात अडॉल्फो डी बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी साधा वाटेल असा प्रयोग केला, उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्याचा अर्क काढला आणि दुसऱ्या उंदराला टोचला. काही मिनिटांत त्या उंदराची लघवी १० पट वाढली आणि लघवीतून जाणारं सोडियम ३० पटीहून जास्त. खालच्या कप्प्याचा अर्क टोचला तर काहीच नाही. म्हणजे हृदयच किडनीला सांगतंय की मीठ-पाणी बाहेर टाक, माझ्यावर लोड येतोय. तो हार्मोन म्हणजे एएनपी. त्याचा भाऊ बीएनपी १९८८ साली जपानमधल्या संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडला म्हणून त्याचं नाव ब्रेन वरून पडलं, नंतर कळलं की तो मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यातून येतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आजही पेशंट विचारतात की डॉक्टर हार्टसाठी ब्रेनची टेस्ट का लिहिली.

आता तुमच्या रिपोर्टवर जे आहे ते बीएनपी नाहीये, एनटी-प्रोबीएनपी आहे. हृदयाची भिंत ताणली गेली की पेशी आधी १०८ अमिनो ॲसिडची एक लांब साखळी बनवते, मग कात्रीसारखं एक एन्झाइम तिचे दोन तुकडे करतं. ३२ चा तुकडा म्हणजे खरं काम करणारा बीएनपी, आणि उरलेला ७६ चा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी, जो स्वतः काही काम करत नाही, नुसता रक्तात फिरतो. मग मोजायचा का? कारण बीएनपी साधारण २० मिनिटांत निम्मा होतो आणि हा तुकडा तासाभराहून जास्त टिकतो, नमुना ठेवायला बरा, मोजायला सोपा. एकास एक बनतात दोन्ही, म्हणून पावती बघून माल किती गेला ते ओळखायचं. बीएनपी आणि एएनपी दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात, किडनीतून सोडियम बाहेर काढतात आणि बीपी चढवणाऱ्या रेनिन-अल्डोस्टेरॉन ह्या यंत्रणेला दाबतात. थोडक्यात ही आपल्या शरीरात आयती असलेली बीपीची गोळीच आहे, आणि ती जन्मतः कोणाच्या वाट्याला किती मिलिग्रॅम आली हे बऱ्याच अंशी जनुकं ठरवतात.

बऱ्याच अंशी म्हणजे किती? अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून पिढ्यानपिढ्या लोकांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे, तिथल्या कुटुंबांच्या आकडेवारीवरून २००३ मधे निघालं की वय, बीपी, वजन वगैरे सगळं वजा केल्यावरही एएनपीच्या पातळीतला जो फरक माणसामाणसांत दिसतो त्यातला सुमारे ४४ टक्के आणि बीएनपीतला सुमारे ३५ टक्के आनुवंशिक आहे. ह्याचा अर्थ तुमच्या १४८ पैकी ५२ वडिलांनी दिले असा नाही हं, हा हिशोब लोकांमधल्या फरकाचा असतो, एका माणसाच्या आकड्याचा नाही. पण कुटुंबात हा आकडा थोडाफार वारशाने चालतो, एवढं नक्की.

एएनपीचं जनुक एनपीपीए आणि बीएनपीचं एनपीपीबी, दोन्ही पहिल्या क्रोमोसोमच्या टोकाशी एकमेकांना खेटून बसलेली आहेत, शेजारी शेजारी दोन बिऱ्हाडं म्हणा ना. त्यामुळे एका ठिकाणचा फरक बऱ्याचदा दुसऱ्याबरोबर जोडीनेच वारशात येतो. तुमचं जीजी आहे ते एनपीपीबी जनुकाच्या आधीच्या भागात, म्हणजे जिथून जनुक किती जोरात चालवायचं ते ठरतं त्या स्विचच्या जागी. हार्मोनची रचना त्याने बदलत नाही, फक्त उत्पादन वाढतं. इथे एक गंमत सांगून ठेवतो कारण तुम्ही शोधाशोध करणारच. काही ठिकाणी ह्याच जागेला टी-३८१सी म्हणतात आणि चांगलं अक्षर 'सी' लिहितात, आणि मग लोक म्हणतात माझ्याकडे तर जी आहे, माझ्याकडे ते नाहीच. अहो डीएनएचे दोन धागे असतात, एकावर सी असेल तर समोरच्यावर जी असतो, कोणत्या बाजूने वाचलं एवढाच फरक. तुमचं जीजी म्हणजेच त्यांचं सीसी. माझ्याकडे एकजण ह्याच गोंधळात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे रिपोर्ट घेऊन आले होते, म्हणे एकाने फसवलंय. दोन्ही बरोबर होते.

अमेरिकेत एआरआयसी म्हणून हजारो लोकांना वर्षानुवर्षं फॉलो करणारा अभ्यास आहे, त्यातल्या ११ हजारांवर लोकांमधे हीच जागा तपासली गेली आणि २०१७ मधे ते प्रसिद्ध झालं. जीजी वाल्यांचं एनटी-प्रोबीएनपी एए वाल्यांपेक्षा, म्हणजे ह्या जागी आई-वडील दोघांकडूनही जी ऐवजी ए मिळालेल्यांपेक्षा, सुमारे ४० टक्के जास्त. आता नेहमीच्या समजुतीप्रमाणे ह्या लोकांचं हार्ट खराब निघायला पाहिजे होतं ना? उलट झालं. त्यांचं वरचं बीपी सरासरी दीड मिलिमीटरने कमी, हायपरटेन्शन कमी, आणि हृदयाच्या कारणाने मृत्यूही कमी. हे जीजी काही दुर्मिळ प्रकरण नाहीये, भरपूर लोक ते घेऊन फिरतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

तर तुमच्या १४८ ला १.४ ने भागून बघा, १०५-१०६ येतं. म्हणजे हाच तुमचा हार्ट, हीच तुमची भिंत, पण एए घेऊन जन्माला आला असता तर कदाचित लॅबने काळ्या अक्षरात छापून सोडून दिलं असतं. हे सरासरीचं गणित एका माणसाला असं लावणं शास्त्राला धरून नाही हे मला माहितीये, डोळ्यासमोर चित्र यावं म्हणून केलं. त्यात तुम्ही बाई आहात. पाळी चालू असलेल्या वयात निरोगी बायकांचं एनटी-प्रोबीएनपी त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा चांगलंच जास्त असतं, टेस्टोस्टेरॉन हा आकडा खाली दाबतं हे त्यामागचं एक मोठं कारण. आणि १२५ ची रेघ ही बाई-पुरुष, तरुण-म्हातारे सगळ्यांना एकच मारलेली आहे, ती मुळात दम लागतोय म्हणून आलेल्या माणसाला हार्ट फेल्युअर नाही एवढं सांगण्यासाठी केलेली रेघ आहे. १२५ च्या खाली असेल तर बहुधा नाही, एवढंच तिचं काम. वर असेल तर आहे, असं ती कधीच म्हणत नाही. काही त्रास नसलेल्या बाईच्या चेकअप पॅकेजमधे ती घुसवली की हे असं होतं.

आता एक शंका तुमच्या मनात आलीच असेल, की अभ्यासात सगळीकडे लिहिलंय जास्त बीएनपी म्हणजे जास्त धोका, मग इथे जास्त म्हणजे चांगलं कसं? दोन्ही खरं आहे. हार्ट ताणला गेला म्हणून आकडा वाढला तर तो धोक्याचा निरोप आहे. पण जनुक तर गर्भधारणेच्या वेळीच वाटून दिलं जातं, तेव्हा तुमचा हार्ट ना ताणलेला ना थकलेला, अजून तयारच नाही. म्हणून जनुकामुळे ज्यांचा आकडा आयुष्यभर थोडा वर आहे त्यांची तुलना बाकीच्यांशी केली की निरोप आणि निरोप्या वेगळे करता येतात, हार्मोन स्वतः काय करतो ते उघडं पडतं. ह्या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. त्यातून कळलं की हार्मोन स्वतः गुन्हेगार नाहीच, तो आग विझवायला आलेला आहे. ह्याच जनुकाच्या बाबतीत २०११ मधे असंही दिसलं की बीएनपी वाढवणारं अक्षर असणाऱ्यांत टाइप २ डायबेटिस थोडा कमी. हे हार्मोन चरबीच्या पेशींवर पण काम करतात, साठलेली चरबी सोडवतात, त्यामुळे ते अगदीच आश्चर्याचं नाही.

शेजारच्या बिऱ्हाडाची गोष्ट मला त्याहून आवडते, म्हणून जरा रेंगाळतो. एनपीपीए मधे आरएस ५०६८ म्हणून एक जागा आहे, बहुतेकांकडे तिथे ए असतो, थोड्या लोकांकडे जी. २००९ मधे मोठ्या अभ्यासात दिसलं की जी असणाऱ्यांचं एएनपी जास्त, वरचं बीपी साधारण १ ते १.५ मिलिमीटरने कमी आणि हायपरटेन्शनची शक्यता सुमारे १५ टक्क्यांनी कमी. पण का, ते कळेना, कारण ही जागा हार्मोनची रेसिपी जिथे लिहिलीये तिथे नाहीच, ती शेवटच्या शेपटात आहे, जिथून प्रोटीन बनतच नाही. २०१३ मधे उलगडा झाला. पेशीत मायक्रो-आरएनए नावाचे छोटे तुकडे असतात, त्यांचं काम म्हणजे जनुकाची निघालेली प्रत पकडून तिला गप्प करणं. त्यातला एक, मायक्रो-आरएनए ४२५, हा बरोबर ह्या शेपटाला येऊन चिकटतो आणि एएनपी बनणं दाबतो. पण तिथे ए च्या जागी जी असेल तर त्याची पकडच बसत नाही, कडीला कोयंडा जुळत नाही असं समजा, आणि प्रत मोकळी राहते. एका अक्षरामुळे! असं एक जी असलेल्या निरोगी लोकांचं एएनपी बाकीच्यांच्या सुमारे दीडपट निघालं. हे वाचलं तेव्हा मी ओपीडी संपल्यावर तासभर बसून होतो. १ मिलिमीटर बीपी म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल, पण ते पन्नास-साठ वर्षं रोज, चोवीस तास, गोळी न विसरता मिळतंय. आमचा कुठला पेशंट एवढा नियमित असतो?

तिसरं नाव कोरिनचं, ही पण मघासारखीच एक कात्री. एएनपीची लांब साखळी कापायचं काम मुख्यतः ही करते. कोरिनच्या जनुकात एक बदल आहे जो आफ्रिकन वंशाच्या लोकांत जास्त सापडतो, त्यात कात्रीची धार कमी होते, साखळी नीट कापली जात नाही, आणि अशा लोकांत हायपरटेन्शन जास्त दिसलं. म्हणजे कच्चा माल आहे, कटिंग होत नाही. कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांचं एनटी-प्रोबीएनपी सरासरीने गोऱ्यांपेक्षा कमी असतं आणि बीपीचा त्रास जास्त, ह्याचा एक धागा इकडे जातो, एकच नाही पण एक.

पण म्हणून जनुकाने वाढलेलं सगळंच चांगलं असंही धरून बसू नका. २००८ मधे एका कुटुंबाची केस प्रसिद्ध झाली, त्यांच्या एनपीपीए जनुकात असा बिघाड होता की २८ अमिनो ॲसिडच्या एएनपीला आणखी १२ चं शेपूट लागायचं, ४० चा लांबलचक एएनपी तयार व्हायचा, तो लवकर नष्ट होईना, आणि त्या घरात एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाचे ठोके बेताल होण्याचा आजार पिढ्यांमधे चालत आलेला. गंमत म्हणजे त्याच शेपटावाल्या हार्मोनवरून पुढे संशोधकांनी बीपीसाठी औषध करून बघायला घेतलं, की नष्ट होत नाही हाच त्याचा गुण वापरू. तुमच्या जीजीचा ह्याच्याशी संबंध नाही, तुमचा हार्मोन सरळसाधा आहे, फक्त थोडा जास्त.

आता भावाकडे येतो, कारण मला खरी काळजी त्याची आहे. ९८ किलो, बीपीची गोळी, आणि २२. वजन वाढलं की हा हार्मोन कमी होतो, हे फ्रॅमिंगहॅममधेच २००४ ला स्पष्ट दिसलं. आधी आम्ही समजायचो की चरबीच्या पेशींवर ह्या हार्मोनला गिळणारे रिसेप्टर असतात, चरबी जास्त म्हणजे गिळणं जास्त. पण मग तो ७६ चा निकामी तुकडा, जो ते रिसेप्टर गिळतच नाहीत, तो पण का कमी असतो? म्हणजे बनतंच कमी असणार. आणि हे विचित्र आहे बघा, ज्या माणसाला मीठ-पाणी बाहेर टाकायची सगळ्यात जास्त गरज, वजन जास्त, बीपी जास्त, हार्टवर लोड जास्त, त्याचाच पंप छोटा. उंदरांत एएनपीचं जनुक काढून टाकलं तर मीठ वाढवल्यावर त्यांचं बीपी चढतं हे १९९५ मधेच दाखवलेलं आहे. तुमच्या भावाचं जनुक कोणी काढलेलं नाही, पण गाडी त्याच दिशेला आहे. त्याच्यासाठी २२ चा अर्थ मी असा लावीन की आज हार्ट फेल्युअर असण्याची शक्यता कमी, बस. हार्ट भारी आहे असा नाही.

माझे एक पेशंट होते, वजन ११० च्या पुढे, एक जिना चढले की मधे बसायचे, संध्याकाळी पायावर मोज्याचा वळ उमटायचा. एनटी-प्रोबीएनपी ९५. ह्या आकड्यावर त्यांना आधी सांगितलं गेलं होतं की हार्ट ठीक आहे, वजनाने दम लागतोय, आणि ते बिचारे वर्षभर स्वतःलाच दोष देत फिरत होते. इकोत पंपिंग ६० टक्के, तेही नॉर्मल. शेवटी कॅथ लॅबमधे हृदयात नळी घालून झोपल्या झोपल्या पेडल मारायला लावलं, पहिल्या दोन-तीन मिनिटांतच आतलं प्रेशर २५ च्या बरंच वर गेलं. हार्ट फेल्युअरच होतं, आखडलेल्या हार्टवालं. त्यांचा ९५ हा सडपातळ माणसाच्या हिशोबात किती झाला असता देव जाणे. तेव्हापासून जाड माणसाचा कमी आकडा मी कधीच एकटा वाचत नाही. आणि भावाने उद्या मनावर घेऊन १५ किलो उतरवले तर त्याचा आकडा वर जाऊ शकतो, तेव्हा घाबरून मला फोन करू नका, ती चांगली खूण असते. वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर असं होतं हे चांगलं नोंदवलेलं आहे.

कोणी म्हणेल मग हार्मोन बाहेरून देऊन टाका की. करून झालंय. नेसिरिटाइड नावाने बीएनपीचंच इंजेक्शन २००१ पासून अमेरिकेत हार्ट फेल्युअरसाठी वापरात होतं, २०११ मधे ७ हजारांवर पेशंटच्या ट्रायलमधे कळलं की त्याने ना मृत्यू कमी होतात ना पुन्हा ॲडमिट होणं, बीपी मात्र नको तेवढं पडतं. जनुक आयुष्यभर थोडं थोडं देतं आणि आपण आजारी पडल्यावर दोन दिवस बदाबदा ओततो, ते सारखं कसं होणार. त्यापेक्षा शरीरातला हार्मोन मोडणाऱ्या नेप्रिलायसिन ह्या एन्झाइमला अडवायची कल्पना चालली, सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन ही गोळी २०१४ च्या ट्रायलमधे जुन्या एनालाप्रिलपेक्षा हृदयाने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरने ॲडमिट होणं ह्यात २० टक्के सरस ठरली. वडील ही गोळी घेत असतील किंवा घ्यायचे तर एक लक्षात असू द्या, तिच्यावर असताना बीएनपी मोजलं तर गोळीमुळेच वाढलेलं दिसतं, एनटी-प्रोबीएनपीच मोजायचं.

आता तुमचा पहिला प्रश्न, वडिलांकडून आलं का. जीजी आहे म्हणजे एक जी आईकडून आणि एक वडिलांकडून, दोघांनीही एकेक दिलाय, त्यात वडिलांवर एकट्यावर ढकलता येणार नाही. पण हे अक्षर आणि वडिलांचं हार्ट फेल्युअर ह्यांची गाठ बांधू नका, ह्या अक्षराने हार्ट फेल्युअर होत नाही. तुम्ही चुकीच्या जनुकाकडे बघताय असं मला वाटतं. खरा प्रश्न हा आहे की वडिलांना हार्ट फेल्युअर झालं कशाने. अटॅक येऊन गेला आणि स्नायू मेला, किंवा बीपी-शुगर वर्षानुवर्षं धरून, असं असेल तर तुमच्यासाठी सल्ला बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल सांभाळण्याचा, जो तुम्हाला माहितीच आहे. पण पन्नाशीच्या आत झालं असेल, अँजिओग्राफीत ब्लॉकेज नसतील, आणि इकोवर हार्ट फुगलेला म्हणजे डायलेटेड कार्डिओमायोपथी किंवा भिंत जाड झालेली म्हणजे हायपरट्रॉफिक असं लिहिलं असेल, तर गोष्ट पूर्ण वेगळी. हे आजार बऱ्याचदा एकाच जनुकातल्या बिघाडाने होतात आणि प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. घराण्यात चालणाऱ्या डायलेटेड प्रकारात टायटिन ह्या जनुकातला बिघाड साधारण चारातल्या एका केसमधे सापडतो. लॅमिन नावाचं जनुक असेल तर अजून सावध, तिथे ठोक्यांचा त्रास हार्ट फुगायच्या आधीच सुरू होऊ शकतो. हौसेच्या टेस्टमधे ही जनुकं नीट वाचलेली नसतात, त्यात काही आलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. आणि पॅनेल टेस्ट, म्हणजे ह्या आजारांची जनुकं एकत्र नीट वाचणारी टेस्ट, आधी आजारी माणसाची करायची असते, वडील असतील तर त्यांचीच, निरोग्याची नाही. तिथे बिघाड सापडला तरच तो तुमच्यात शोधायला अर्थ.

तुम्ही आत्ता काय करायचं तर फार काही नाही. क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या, किडनी मंदावली, रक्त कमी असलं किंवा थायरॉइड जास्त चालत असलं तरी हा आकडा चढतो आणि बायकांमधे ह्यातलं काहीतरी निघतंच बऱ्याचदा. तीन महिन्यांनी त्याच लॅबमधे परत करा, त्याच मशीनवर, आदल्या दिवशी जोरदार पळणं वगैरे नको. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा, काही मशीनवर त्याने आकडा खोटा कमी येतो. आणि १४८ चं १२० झालं म्हणून पेढे नकोत, १७५ झालं म्हणून रडारड नको, काहीही झालेलं नसताना एवढा फरक आपोआप पडतो. ३०० च्या पुढे गेलं, किंवा दम, पायावर सूज, रात्री उशीला उशी लावून झोपावं लागणं, धडधड असं काही सुरू झालं तर मात्र आकड्याची वाट बघू नका, सरळ दाखवायला या, जीजी असो नाहीतर काहीही.

मुलीचं म्हणाल तर तुमच्याकडे दोन्ही जी आहेत म्हणजे तिला एक नक्की मिळालेला आहे, त्यासाठी टेस्ट करायची गरजच नाही, आणि कळून तिच्या आयुष्यात काही फरकही पडणार नाही. तिचं एनटी-प्रोबीएनपी तर अजिबात करू नका, लहान मुलांचे आकडे वयाप्रमाणे वेगळे असतात, नवजात बाळांत तर ते पहिल्या काही दिवसांत प्रचंड असतात, आणि मोठ्यांच्या रेघेवर छापलेला रिपोर्ट हातात घेऊन तुम्ही परत मलाच विचारणार. तिच्या बाबतीत जे काही ठरायचं ते आजोबांच्या आजारावरून. त्यांची जुनी फाईल काढा, पहिल्या इकोचा कागद आणि अँजिओग्राफी झाली असेल तर तिचा रिपोर्ट, आणि त्यांच्या भावा-बहिणींत कोणी अचानक किंवा फार लवकर गेलं होतं का ते घरातल्या एखाद्या आत्याला विचारून ठेवा, हे आत्यांना बरोबर लक्षात असतं. ते घेऊन या, मग पुढचं बोलू. येताना भावालाही घेऊन या, त्याचं बीपी मला एकदा स्वतः बघायचंय.